सहा डिस्ने, बारा पार्क: आपल्या प्रवासाला नेमके कोणते जुळेल, हे कसे ठरवायचे

डिस्नेची जगात सहा ठिकाणे आहेत आणि त्या सहांत मिळून बारा थीम पार्क. तुलना करताना बहुतेक जण ठिकाण धरून चालतात, ‘पॅरिस चांगले की टोकियो?’ असे विचारतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. तिकीट पार्कचे निघते, दिवस पार्काला लागतो, रांगही पार्कातच लागते. म्हणून मोजायचे ते पार्क.

आधी बारांची उजळणी. कॅलिफोर्नियात अनाहाइमला दोन: १९५५ चे मूळ डिस्नेलँड आणि २००१ चे कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ चार: मॅजिक किंगडम (१९७१), एप्कॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९), अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). टोकियोला दोन: टोकियो डिस्नेलँड (१९८३) आणि टोकियो डिस्नेसी (२००१). पॅरिसला दोन: डिस्नेलँड पार्क (१९९२) आणि २००२ मध्ये ‘वॉल्ट डिस्ने स्टुडिओज’ म्हणून उघडलेले दुसरे पार्क, ज्याचे नवे नाव डिस्ने अ‍ॅडव्हेंचर वर्ल्ड. हाँगकाँगला एक (२००५), शांघायला एक (२०१६). यांपैकी टोकियोची मालकी डिस्नेकडे नाही, ओरिएंटल लँड कंपनी परवान्यावर ती चालवते. तिथले नियम, अ‍ॅप आणि तिकिटाची पद्धत बाकीच्यांपेक्षा वेगळी असण्याचे कारण हेच.

पहिली पायरी: नावे सारखी म्हणून राइड सारखी समजू नका

कागदावर बारा रकाने करा आणि प्रत्येकात त्या पार्कातल्या मुख्य राइड लिहा. मग सारख्या नावांवर काट मारायची, पण डोळे झाकून नाही. नाव एक आणि अनुभव दोन, असे डिस्नेत सर्रास घडते.

भुताच्या वाड्याचेच बघा. ‘हाँटेड मॅन्शन’ कॅलिफोर्नियात १९६९ पासून, फ्लोरिडात १९७१ पासून आणि टोकियोत १९८३ पासून आहे. सुरुवातीला सगळ्यांना एका आठकोनी खोलीत उभे करतात आणि भिंती हळूहळू लांब होत जातात. कॅलिफोर्नियात ही खोली म्हणजे खरोखरची लिफ्ट आहे आणि तुम्ही खाली जात असता. राइडची मुख्य इमारत पार्काभोवतीच्या रेल्वेच्या बांधापलीकडे आहे, त्यामुळे माणसांना रुळांखालून नेण्यासाठी ही युक्ती करावी लागली. फ्लोरिडात जागेची अडचण नव्हती, म्हणून तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जाते. पॅरिसचे ‘फँटम मॅनर’ हे अमेरिकेच्या जुन्या ‘वाइल्ड वेस्ट’मधल्या एका नवरीची वेगळी, जास्त उदास गोष्ट सांगते. हाँगकाँगच्या ‘मिस्टिक मॅनर’मध्ये भुते नाहीतच. एका संग्राहकाच्या घरातल्या वस्तू जिवंत होतात आणि गाडी रुळांशिवाय खोलीखोलीतून फिरते. शांघायला यांतले काहीच नाही. थोडक्यात, फ्लोरिडा पाहिले असेल तर टोकियोच्या वाड्यावर निर्धास्त काट मारा, पण पॅरिस आणि हाँगकाँगच्या वाड्यांवर मारू नका.

समुद्री चाच्यांच्या ‘पायरेट्स’ या होडीच्या फेरीचेही तसेच. कॅलिफोर्नियातली फेरी सुमारे पंधरा मिनिटांची, दोन उतारांची. फ्लोरिडातली त्याच्या जवळपास निम्मी, उतार एकच. शांघायची तर वेगळीच गोष्ट आहे: होड्या चुंबकाच्या जोरावर चालतात, आडव्या होतात, उलट्या दिशेने जातात आणि पडदे व खरे देखावे एकमेकांत इतके मिसळतात की सांधा सापडत नाही. शांघायला जायचे एकच कारण द्या म्हटले तर आम्ही हेच देऊ.

‘टॉवर ऑफ टेरर’ फ्लोरिडात सर्वांत सरस. तिथे लिफ्टचा पाळणा आपला उभा मार्ग सोडून समोरच्या अंधाऱ्या मजल्यावरून आडवा सरकतो आणि मग दुसऱ्या उभ्या मार्गात पडतो. पॅरिसला हा आडवा मजला नाही. टोकियोच्या डिस्नेसीत बाकीच्यांसारखी ‘ट्वायलाइट झोन’ या टीव्ही मालिकेची गोष्टच नाही, त्यांनी शापित मूर्तीची स्वतःची कथा रचली आहे. कॅलिफोर्नियातल्या टॉवरचे २०१७ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ झाले.

उलट, या जोड्यांवर एकदा पाहिल्या की काट मारायला हरकत नाही: ‘ट्रॉन’ शांघाय (२०१६) आणि फ्लोरिडा (२०२३), ‘रॅटटूई’ पॅरिस (२०१४) आणि एप्कॉट (२०२१), स्टार वॉर्सचा ‘गॅलक्सीज एज’ कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा (दोन्ही २०१९).

दुसरी पायरी: ‘फक्त इथेच’ची यादी

काट मारून जे उरते ते त्या पार्काचे खरे भांडवल. आमच्या लेखी ते असे आहे.

टोकियो डिस्नेसी हे बारांमध्ये सर्वांत वेगळे पार्क. मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पोटात ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’, बाजूला सिंदबादची शांत बोट, जिच्यासाठी रांग जवळजवळ नसते आणि जी बहुतेक परदेशी प्रवासी नुसतीच ओलांडून जातात. ६ जून २०२४ ला उघडलेल्या फँटसी स्प्रिंग्जमध्ये फ्रोझन, रॅपन्झेल आणि पीटर पॅन यांच्या राइड आहेत. शेजारच्या टोकियो डिस्नेलँडमध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (२०२०) आणि ‘पूज हनी हंट’ (२०००) या दोन राइड दुसरीकडे नाहीत. बाकी पार्क बरेचसे फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडमसारखे. एकच दिवस असेल तर डिस्नेसी घ्या. लहान मुले बरोबर असली तरच याचा फेरविचार करा.

फ्लोरिडाचे वैशिष्ट्य आवाका. सुमारे १०० चौरस किलोमीटरची जागा, अ‍ॅनिमल किंगडममध्ये खरे प्राणी असलेली सफारी, एप्कॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग. ‘अवतार’च्या पँडोरासारखा भाग दुसरीकडे अजून नाही. कॅलिफोर्नियाचे भांडवल म्हणजे मूळ पार्कातले बारकावे आणि शेजारच्या पार्कातले २०१२ चे ‘कार्स लँड’. तिथला परीकथेतला वाडा (कॅसल) मात्र फक्त ७७ फुटांचा आहे. फ्लोरिडाचा १८९ फुटांचा वाडा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर पहिल्या मिनिटाला हिरमुसाल.

पॅरिसचे डिस्नेलँड पार्क दिसायला सर्वांत सुंदर, यात आम्हाला शंका नाही. वाड्याच्या तळघरात यांत्रिक ड्रॅगन आहे, तो शोधून पाहा, त्याला रांग नाही. तिथली ‘बिग थंडर माउंटन’ तळ्यातल्या बेटावर आहे, गाडी पाण्याखालच्या बोगद्यातून बेटावर जाते आणि तशीच परत येते. त्यामुळे नाव तेच असले तरी तिच्यावर काट मारू नका.

शांघायला पायरेट्सखेरीज डिस्नेच्या पार्कांतला सर्वांत मोठा वाडा आणि डिसेंबर २०२३ चे झूटोपिया. हाँगकाँगला मिस्टिक मॅनर, २०१२ ची ‘बिग ग्रिझली माउंटन’ आणि नोव्हेंबर २०२३ चा फ्रोझनचा भाग. पार्क लहान, डोंगरांच्या कुशीत, चालायला सोपे.

तिसरी पायरी: दिवस मोजा

आमचे माप असे. हाँगकाँग १ दिवस. शांघाय १ दिवस, झूटोपिया आणि पायरेट्स दोन्ही निवांत हवे असल्यास २. पॅरिस २. टोकियो २. कॅलिफोर्निया २, दोन्ही पार्कांची दारे समोरासमोर असल्याने एकाच दिवशी दोन्हींत जाता येणारे ‘पार्क हॉपर’ तिकीट इथे खरोखर वसूल होते. फ्लोरिडा किमान ४ आणि मध्ये एक मोकळा, म्हणजे ५.

आता साधा भागाकार करा: ‘फक्त इथेच’च्या यादीत तुमच्या गटाला बसता येतील अशा राइड किती, भागिले लागणारे दिवस. त्या दिवसांत मुख्य शहरातून येण्याजाण्याचा वेळही धरा. हा आकडा काढला की बरेच गोंधळ मिटतात. हाँगकाँगला ‘लहान आहे’ म्हणून नाके मुरडली जातात, पण एका दिवसात तीन ठळक नव्या गोष्टी देणारे ठिकाण त्या मार्गाने जाणाऱ्याने सोडू नये. उलट फ्लोरिडा दोन दिवसांच्या ओझरत्या भेटीला अजिबात परवडत नाही. फ्लोरिडा हा स्वतःच एक प्रवास आहे, बाकी पाच दुसऱ्या प्रवासाला जोडता येतात.

चौथी पायरी: उंचीची पट्टी

मुले बरोबर असतील तर तिकिटाआधी हे करा. ‘स्पेस माउंटन’ या एका नावाला कॅलिफोर्नियात १०२ सेंमी उंची लागते, फ्लोरिडात ११२, आणि पॅरिसला १२०, कारण पॅरिसची गाडी वेगाने वर फेकली जाते आणि तीन वेळा उलटी होते. ११५ सेंमीच्या मुलाला फ्लोरिडात बसता येते, पॅरिसला येत नाही. ट्रॉनला १२२, अवतारच्या उड्डाणाला ११२, डिस्नेसीच्या ज्वालामुखीतल्या राइडला ११७. अमेरिकेत पाट्या इंचांत असतात: ४० इंच म्हणजे १०२ सेंमी, ४४ म्हणजे ११२, ४८ म्हणजे १२२.

मोजताना घरी संध्याकाळी मोजा. दिवसभर उभे राहून मणक्यांच्या चकत्या दबतात आणि उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते. सकाळच्या मापावर विसंबलात तर दुपारी चारला दोन तासांच्या रांगेच्या टोकाशी पट्टीखाली मूल अर्ध्या सेंटिमीटरने कमी पडते. तिथला कर्मचारी सूट देत नाही आणि देऊही नये, कारण आसनाचा सुरक्षा अडसर त्या उंचीच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. रांगेच्या सुरुवातीलाच मोजून घ्या. मूल बसू शकत नसेल तर ‘रायडर स्विच’ मागा: एक पालक बसतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, नंतर दुसरा पूर्ण रांग न लावता बसतो.

तिकिटाची वयेही ठिकाणानुसार बदलतात. अमेरिकेत ३ ते ९ ला मुलांचे तिकीट आणि १० पासून मोठ्यांचे. पॅरिस आणि हाँगकाँगला मुलांचे तिकीट ११ वर्षांपर्यंत चालते. टोकियोत ४ ते ११ मूल, १२ ते १७ ज्युनियर आणि ३ वर्षांपर्यंत फुकट. दहा-अकरा वर्षांची दोन मुले असतील तर एवढ्यानेही खर्चाचे पारडे फिरते.

पाचवी पायरी: तारीख

तिकिटाचा दर आता जवळजवळ सगळीकडे तारखेवर ठरतो, त्यामुळे दरपत्रक हेच गर्दीचे पंचांग. टोकियोत ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्यांचे एका दिवसाचे तिकीट ७,९०० ते १०,९०० येन या पट्ट्यात आले. कॅलिफोर्नियात सर्वांत स्वस्त दिवस १०४ डॉलरचा, तर गर्दीचा दिवस २०० डॉलरच्या पुढे. महाग दिवशी जास्त पैसे देऊन कमी राइड मिळतात, हे ध्यानात घ्या.

टाळायचे काळ: जपानचा गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते ५ मे), चीनमधली १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी आणि चिनी नववर्ष, जे शांघायइतकेच हाँगकाँगलाही भोवते, आणि अमेरिकेत नाताळ ते १ जानेवारी. हवामानात फ्लोरिडा सर्वांत लहरी. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड लगेच बंद होतात. म्हणून तिथे उघड्यावरच्या राइड सकाळी आणि छताखालच्या दुपारी ठेवायच्या. टोकियोला जून-जुलैत पाऊस, ऑगस्टमध्ये दमट उकाडा, सप्टेंबरात वादळे. पॅरिसचा हिवाळा ओला आणि थंड. कॅलिफोर्निया बारमाही जमण्यासारखे.

सहावी पायरी: पोचायचे कसे

टोकियोला जेआर या जपानी रेल्वेच्या केइयो मार्गावर माइहामा स्टेशन, टोकियो स्टेशनपासून गाडीने पंधरा-एक मिनिटे. पण टोकियो स्टेशनात केइयोचे फलाट बाकीच्या फलाटांपासून इतके दूर आहेत की चालायलाच दहा-पंधरा मिनिटे जातात. नकाशावरच्या वेळेत ती धरा. हा मार्ग खाडीकाठाने जातो, जोराचा वारा सुटला की गाड्या थांबतात. तेव्हा तोझाई मेट्रोने उरायासू गाठून तिथून बस घ्यायची. माइहामाहून दोन्ही पार्कांना जोडणाऱ्या मोनोरेलला वेगळे तिकीट लागते. टोकियो डिस्नेलँड तर स्टेशनापासून चालत जवळ आहे.

पॅरिसला उपनगरी रेल्वेचा आरईआर ‘ए’ मार्ग, शेवटचे स्टेशन मार्न-ला-व्हॅले शेसी, शहराच्या मध्यापासून सुमारे चाळीस मिनिटे. हा मार्ग पूर्वेकडे दोन फाट्यांत फुटतो, दुसरा फाटा बुआसी-सेंट-लेजेला जातो. फलाटावरच्या फलकावर शेसीपुढे दिवा लागलेला बघूनच चढा. तिकीट बाहेर पडतानाही लागते. शार्ल द गॉल विमानतळावर उतरलात तर तिथून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे दहा-एक मिनिटांत थेट पार्कापाशी आणते, शहरात जाऊन परत यायची गरज नाही.

हाँगकाँगला तुंग चुंग मार्गाने सनी बे आणि तिथून मिकीच्या कानांच्या खिडक्या असलेली डिस्नेलँडची गाडी. शांघायला मेट्रोचा ११ क्रमांकाचा मार्ग. शांघायसाठी तीन गोष्टी घरूनच तयार ठेवा: मूळ पासपोर्ट, कारण तिकीट त्याच क्रमांकावर असते, अलीपे किंवा वीचॅट या पैसे भरायच्या चिनी अ‍ॅपला जोडलेले कार्ड, आणि रोमिंगचे इंटरनेट, कारण स्थानिक जाळ्यावर अनेक परदेशी सेवा उघडत नाहीत. हाँगकाँग आणि शांघाय एकाच फेरीत करताना लक्षात ठेवा की दोन्हींचे प्रवेशाचे नियम आणि चलन वेगळे आहे.

फ्लोरिडात विमानतळावरून डिस्नेची फुकट बस २०२२ पासून बंद आहे, गाडीचा खर्च धरा. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर पार्किंगमधून आधी वाहतूक केंद्रावर आणि तिथून फेरीबोट किंवा मोनोरेलने दाराशी जावे लागते. यात पाऊण तास सहज जातो. डिस्नेच्या हॉटेलांतून येणाऱ्या बस थेट दाराशी सोडतात.

सातवी पायरी: रांगेची पद्धत, आणि सकाळचा पहिला तास

‘तिथे लोक दिवसात पाच राइड करून निघतात आणि इथे बारा होतात’, हा फरक बहुधा इथेच पडतो.

फ्लोरिडात पैसे भरून छोट्या रांगेतून जायचा ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ आधी घेता येतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी, बाकीच्यांना भेटीच्या ३ दिवस आधी, ऑरलँडोच्या वेळेने सकाळी ७ वाजता. तीन राइड निवडायच्या. अ‍ॅनिमल किंगडम सोडून बाकी तीन पार्कांत राइडचे मागणीनुसार दोन गट आहेत, वरच्या गटातून एक आणि खालच्या गटातून दोन. पहिली वेळ शक्य तितकी सकाळची घ्या, कारण ती वापरल्यावरच चौथी मिळू लागते. काही मोजक्या राइडना ‘सिंगल पास’ वेगळा विकत घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात आगाऊ निवड नाही, पार्कात शिरल्यावर पहिली राइड निवडता येते, म्हणून तिथे लवकर शिरण्याला जास्त मोल.

पॅरिस, हाँगकाँग आणि शांघायला ‘प्रीमियर अ‍ॅक्सेस’ नावाची, पैसे भरून लांब रांग टाळायची सोय आहे. पॅरिसला एकेका राइडचे किंवा सर्वांचे मिळून ‘अल्टिमेट’. गर्दी नसेल त्या दिवशी ते घेण्याची घाई करू नका. दुपारी बारापर्यंतच्या रांगा बघून ठरवा.

टोकियोचा क्रम मात्र पाठच करा. तिकिटे सुमारे दोन महिने आधी ऑनलाइन सुटतात, दारावर मिळतील या भरवशावर जाऊ नका. परदेशी कार्ड शेवटच्या पानावर नाकारले जाणे ही नेहमीची अडचण. बँकेच्या ओटीपीची सोय सुरू आहे का ते आधी तपासा आणि दुसऱ्या कंपनीचे कार्ड जवळ ठेवा. आदल्या रात्री टोकियो डिस्ने रिसॉर्टच्या अ‍ॅपमध्ये सगळ्यांची तिकिटे एकाच फोनवर गटात जोडून घ्या. एकेकाच्या फोनवर ठेवलीत तर सकाळी चौघांना चार वेगळ्या वेळा मिळतात.

सकाळी छापील वेळेच्या तासभर आधी दाराशी या, कारण दार बरेचदा वेळेआधी उघडते. सगळे आत शिरल्याशिवाय पास निघत नाहीत. शिरताच बाजूला उभे राहा आणि ओळीने तीन गोष्टी करा. आधी पैशांचा ‘प्रीमियर अ‍ॅक्सेस’, एका राइडला माणशी साधारण १,५०० ते २,५०० येन, सर्वांत मागणीच्या राइडसाठी. लगेच फुकटचा ‘प्रायॉरिटी पास’ दुसऱ्या राइडसाठी. मग ज्या कार्यक्रमांना सोडत आहे त्यांची सोडत. एका कार्यक्रमाला दिवसात एकच संधी असते, म्हणून आधी गट पूर्ण आहे ना ते बघा. पुढचा प्रीमियर अ‍ॅक्सेस ६० मिनिटांनी किंवा घेतलेली वेळ सुरू झाल्यावर, यातले जे आधी असेल तेव्हा मिळतो. प्रायॉरिटी पासला हेच अंतर १२० मिनिटांचे. फोनमध्ये गजर लावून ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा अ‍ॅप उघडावे लागते आणि कॅमेराही तोच, म्हणून १०,००० एमएएचची पॉवर बँक लागतेच.

बऱ्याच ठिकाणी चालणारी एक गोष्ट म्हणजे ‘सिंगल रायडर’ रांग. कार्स लँडची शर्यत किंवा पॅरिसची ‘क्रशेस कोस्टर’ यांसारख्या राइडला एकट्याने बसायची तयारी असेल तर वेळ खूप वाचतो. शेजारी कोण बसेल हे मात्र आपल्या हातात नाही.

पैसे भरण्याआधीची शेवटची तपासणी

प्रत्येक ठिकाण दुरुस्तीसाठी बंद राइडचे वेळापत्रक अधिकृत संकेतस्थळावर देते. ते पान तुमच्या ‘फक्त इथेच’च्या यादीशी ताडून बघा. टोकियोचे स्पेस माउंटन जुलै २०२४ अखेर बंद झाले, नवे २०२७ मध्ये यायचे आहे. हाँगकाँगचे पार्क काही दिवस पूर्ण बंद ठेवतात, तो दिवस तुमचा तर नाही ना? पार्काची बंद व्हायची वेळही पाहा. खासगी कार्यक्रम किंवा वेगळ्या तिकिटाची संध्याकाळ असेल तर नेहमीच्या तिकिटावर लवकर बाहेर पडावे लागते आणि रात्रीची आतषबाजी हुकते. यादीतली पहिल्या क्रमांकाची राइड बंद असेल तर त्या पार्काचा भागाकार नव्याने करा आणि मगच कार्डाचा क्रमांक टाका.